कोकणात राहून एअर पिस्तूल शिकायचं असेल तर

देवगड-कणकवलीकडे कुणालाही सांगा की आपण पिस्तूल चालवायला शिकतोय. पुढचा प्रश्न ठरलेला: "माकडां मारूक काय?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. आपल्याकडे बंदूक म्हटली की परवान्याची ठासणीची बंदूक, बागेत घुसणारे रानडुक्कर आणि कलमांवरची माकडं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. दहा मीटरवरच्या कागदावर साडेअकरा मिलिमीटरच्या वर्तुळात छर्रा घालायचा हा ऑलिंपिकचा खेळ आहे, हे बऱ्याच घरांत २०२४ साली कळलं. त्या वर्षी पॅरिसला मनू भाकरनं एअर पिस्तुलात आणि आपल्या घाटावरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून "आमच्या चेडवाक शिकवायचा हा, खंय जांव?" असं विचारणारे वाढलेत.

हे लिहितोय ते त्यांच्यासाठी, आणि चाळिशीत हौस म्हणून सुरुवात करणाऱ्यांसाठीही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्याला रेंज लांब पडते, शिकवणारे मोजके आणि पाऊस चार महिने. रोज संध्याकाळी रेंजवर जाऊन शंभर छर्रे उडवायचे ही शहरातली पद्धत इथं जमत नाही, आणि खरं तर तिची तेवढी गरजही नाही. पिस्तुलाचा नेम बसतो तो मुख्यतः घरात, एकही छर्रा न उडवता. पिस्तूल विकत घेणं या यादीत बरंच खाली येतं. ते वर आणू नका.

१. आधी कुठलं पिस्तूल ते ठरवा

नवख्या माणसानं १० मीटर एअर पिस्तूलच धरावं. एका हातानं, उभं राहून, दुर्बीण किंवा लेझर न लावता उघड्या साइटनं, म्हणजे पिस्तुलावरच्या खाच आणि काडीनं नेम धरून, ते मारतात. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्र्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असलेल्या हवेच्या शस्त्राला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल सात जूलच्या आसपासच असतं. दुकानदार मात्र ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो आणि नोंद ठेवतो. तो मागत नसेल तर दुकान बदला.

२५ आणि ५० मीटरच्या प्रकारांत पॉइंट टू टू काडतुसं लागतात, म्हणजे परवाना आला, मोठी रेंज आली. तो मार्ग पुढचा आहे, क्लबमधूनच जातो. एअर पिस्तुलावर पक्का झालेला हात तिथे कामी येतो, त्यामुळे काही वाया जात नाही.

आणि माकडांचं. एअर पिस्तुलानं माकडं, कावळे, साळुंख्या मारायच्या नसतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो तुमच्या खळ्यातसुद्धा लागू आहे. शिवाय छर्र्यानं माकड मरत नाही, जखमी होऊन चार दिवस तडफडतं. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगा.

२. क्लब शोधा, पण जाऊन बघून

विचारपूस तीन ठिकाणी करा: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, जिल्हा क्रीडा संकुल, आणि महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी जोडलेला तुमच्या भागातला क्लब. रायगडकरांचं बरं आहे. पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. दक्षिणेकडच्यांना कोल्हापूर जवळ. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत तिथल्याच. वैभववाडीहून करूळ किंवा भुईबावडा घाट, रत्नागिरीकडून आंबा घाट, सावंतवाडीहून आंबोली. महिन्यातून एकदा घाट चढून चांगल्या प्रशिक्षकाकडे जाणं हे गल्लीतल्या वाईट प्रशिक्षकाकडे रोज जाण्यापेक्षा परवडतं.

रेंजवर पहिल्यांदा जाल तेव्हा नुसते उभे राहून बघा. मारत नसलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीत रंगीत दोरा, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, आहे का? कुणी पुढे कार्ड, म्हणजे कागदी लक्ष्य, बदलायला जाताना बाकीचे पिस्तूल टेबलावर ठेवून मागे सरकतात का? प्रशिक्षक मुलाच्या मुठीकडे बघतोय की फक्त कार्डाकडे? पहिल्याच दिवशी हातात पिस्तूल देऊन "मार पन्नास, बघू कसं जमतंय" म्हणणारा क्लब टाळा. त्या पन्नास शॉटमध्ये लागलेली झटका देण्याची सवय सोडवायला पुढे वर्ष जातं.

शाळकरी मुलांना आणखी एक वाट आहे, शालेय क्रीडा स्पर्धांची. जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्यात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात, रायगड मुंबई विभागात. शाळेच्या क्रीडा शिक्षकांना जूनमध्येच गाठा. नोंदणीच्या तारखा गणपतीच्या गडबडीत निघून जातात.

३. कागदपत्रं

क्लबगणिक थोडा फरक पडतो, पण एवढं जवळ असलं की हेलपाटे वाचतात:

- आधार कार्ड आणि रहिवासाचा वेगळा पुरावा (वीजबिल किंवा रेशन कार्ड)
- जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो, हवे त्यापेक्षा जास्तच
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. अर्ज ऑनलाइन होतो, पण गावच्या पोलीस ठाण्यात एक फेरी धरून चाला
- अठराच्या आतल्यांसाठी आईवडिलांचं संमतीपत्र
- शालेय स्पर्धेसाठी शाळेचं बोनाफाईड

एक सापळा: आधारवर "मु. पो." एक, वीजबिलावर वाडीचं नाव वेगळं, दाखल्यावर आडनावाची जोडाक्षरं तिसरी. कोकणात हे घरोघरी आहे. पडताळणीत याच्यामुळेच अर्ज अडकतो. आधी नाव-पत्ता जुळवून घ्या, मग अर्ज करा.

४. सुरक्षेचे नियम

यात चर्चा नाही. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. बोट चापाच्या बाहेर, नेम लागेपर्यंत. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं, आत्ताच रिकामं करून पाहिलेलंसुद्धा. "स्टॉप" ऐकू आलं की अर्धा दाबलेला चापही सोडायचा. छर्रा शिशाचा असतो, म्हणून सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय लाडवाला हात लावायचा नाही. डोळ्यांवर चष्मा. छर्रा पोलादावर आपटून परत येऊ शकतो.

५. उभं राहणं आणि मूठ

आधी कुठला डोळा मालक आहे ते बघा. दोन्ही तळव्यांत छोटी फट ठेवून, दोन्ही डोळे उघडे, लांबच्या माडाचा शेंडा त्या फटीतून बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला शेंडा दिसत राहतो तो तुमचा नेमाचा डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर घाबरू नका, पण प्रशिक्षकाला सांगा. पिस्तुलात ते रायफलपेक्षा सोपं निभावतं. न वापरायचा डोळा मिटून धरू नका, चेहरा आखडतो. त्याच्यासमोर कागदाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावतात. नियमानुसार ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

पाय खांद्यांइतके फाकवून, वजन दोन्हीवर सारखं, मारणाऱ्या हाताची बाजू लक्ष्याकडे. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवलेला. लोंबकळता ठेवलात तर तो शरीर हलवतो. पॅरिसला तुर्कीचा युसूफ दिकेच खिशात हात घालून उभा होता म्हणून जगभर फोटो फिरले. पिस्तुलवाल्यांना त्यात नवल वाटलं नाही.

आता महत्त्वाचं. डोळे मिटा, हात वर घ्या, सैल सोडून खाली आणा, थांबवा, मग डोळे उघडा. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे आलं असेल तर हात उजवीकडे ओढायचा नाही. मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा करून बघा. शरीर जिथं आपोआप बघतंय तिथंच लक्ष्य यायला हवं. हातानं ओढून आणलेला नेम चाप दाबताना मूळ जागी परत जातो. नवख्यांचे शॉट एकाच बाजूला जातात त्याचं पहिलं कारण हेच असतं, आणि ते बिचारे साइटचे स्क्रू फिरवत बसतात.

मुठीत जोर मधल्या दोन बोटांचा, सरळ मागे. अंगठा नुसता टेकलेला. करंगळी फार आवळू नका. तर्जनी या सगळ्यातून मोकळी हवी. मनगट आणि कोपर घट्ट, खांदा खाली. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ कानशीनं घासून, जिथं पोकळी आहे तिथं लाकडाची पुट्टी भरून हाताला बसवावी लागते. रोज हातात धरल्यावर पिस्तूल एकाच जागी बसलं पाहिजे, इकडेतिकडे जुळवून घ्यावं लागत असेल तर मूठ अजून तुमची झालेली नाही. चांगला सुतार गाठीशी असेल तर काम त्याच्याकडे द्या, पण आधी कुठं घासायचं ते प्रशिक्षकाकडून पेन्सिलीनं आखून घ्या. घासलेलं लाकूड परत येत नाही.

६. नजर पुढच्या साइटवर

हा भाग दोनदा वाचा. बाकी सगळं अर्धवट जमलं आणि एवढंच पूर्ण जमलं तरी कार्ड सुधारतं.

पिस्तुलाला मागे एक खाच आणि पुढे एक चौकोनी काडी. काडीचा माथा खाचेच्या माथ्याशी समपातळीत, आणि काडीच्या दोन्ही अंगांना प्रकाशाची फट सारखी. हे झालं साइट जुळणं. मग हे जुळलेलं जोडपं कुठं धरायचं? काळ्या गोलाच्या मधोमध नाही. काळ्यावर काळी काडी दिसतच नाही. गोलाच्या खाली, पांढऱ्यात, थोडी जागा सोडून धरायचं, आणि साइट अशी लावून घ्यायची की छर्रा मध्यावर जाईल.

डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट बघू शकतो. स्पष्ट दिसायला हवी ती पुढची काडी. काळा गोल धूसर, चक्क धुक्यातला दिसला पाहिजे. इथं प्रत्येक नवखा फसतो, कारण मनाला लक्ष्य बघायचं असतं. हिशेब करून बघा म्हणजे पटेल. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरू. पुढची काडी खाचेच्या मानानं फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर सरकतो. कार्डावर प्रत्येक वलय आठ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे ऐन मधल्या दहा गुणांचा थेट सात झाला. याउलट साइट नीट जुळलेली आहे आणि अख्खा हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो, दहाचा दहाच राहतो. हात सगळ्यांचा हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. मचव्यावर उभा राहून गळ टाकणारा मचवा हलायचा थांबेल म्हणून वाट बघत नाही, तसं हे हलणं मान्य करून साइट जुळलेली ठेवायची.

हे अंगवळणी पडायला सोपा उपाय आहे. कार्ड उलटं लावा, कोरी बाजू पुढे. गोलच नाही, त्यामुळे नजर पळून जायला जागा उरत नाही. कोऱ्या कार्डावर दहा शॉट मारून किती जवळजवळ पडतात ते बघा. बहुतेकांचा गट गोल असलेल्या कार्डापेक्षा लहान येतो.

चाळिशीच्या पुढच्यांसाठी. पुढची काडी डोळ्यापासून साधारण मीटरभर अंतरावर येते. ती ना जवळच्या चष्म्यात स्पष्ट दिसते ना लांबच्या. डोळ्यापासून काडीपर्यंतचं अंतर सुतळीनं मोजा, ती सुतळी नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि त्या अंतराचा नंबर काढून मागा. पिस्तूल घेऊन दवाखान्यात जाऊ नका.

७. चाप

एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, स्पर्धेत वजन टांगून तपासतात. त्याचे दोन टप्पे असतात: पहिला मोकळा, मग एक अडथळा, आणि त्यानंतर थोड्या दाबानं सुटतो. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर ठेवा आणि सरळ मागे, एकसारखा दाब वाढवत न्या.

क्रम असा: हात लक्ष्याच्या वर न्या, श्वास सोडत खाली आणा, पहिला टप्पा खाली येतानाच घ्या, गोलाखाली स्थिरावा, उरलेला श्वास रोखा आणि दाब वाढवत राहा. शॉट सुटला पाहिजे, तुम्ही तो सोडायचा नाही. "आत्ता बरोबर आलंय, मार!" असं मनात आलं की बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते, आणि उजव्या हाताच्या माणसाचा शॉट खाली डावीकडे जातो. खाली-डावीकडे शॉटचा ढीग दिसला की पिस्तुलाला दोष देण्याआधी चाप तपासा.

थांबल्यापासून आठेक सेकंदांत सुटला नाही तर हात खाली. याला कॅन्सल करणं म्हणतात आणि नवख्याला याचीच सगळ्यात लाज वाटते. लाजू नका. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, कागदावर ९०. म्हणजे एका शॉटला निदान सव्वा मिनिट. घाई कुणालाच नसते, आपणच करून घेतो.

शॉट गेल्यावर लगेच मान उंचावून कार्ड बघायचं नाही. एक-दोन सेकंद तसंच धरून राहा, साइट कुठं उडाली ते बघा आणि कार्ड बघण्याआधी स्वतःशी बोला: "नऊ, उजवीकडे." मग बघा. बोललेलं आणि पडलेलं जुळायला लागलं की तुम्ही स्वतःला शिकवू शकता, आणि रेंज दीडशे किलोमीटर लांब असणाऱ्या माणसाला याच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नाही.

८. पावसाळ्यातला घरचा सराव

जून ते सप्टेंबर घाटातल्या दरडी, बंद रस्ते आणि एसटीचे हाल बघता रेंजचं वेळापत्रक आखूच नका. हे चार महिने ड्राय प्रॅक्टिसचे, म्हणजे छर्रा न घालता करायच्या सरावाचे. कोऱ्या भिंतीसमोर दोन मीटरवर उभं राहायचं, पिस्तूल रिकामं असल्याचं बघायचं, छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि वरचा सगळा क्रम जसाच्या तसा करायचा. भिंतीवर टिंब काढू नका. चाप सुटताना पुढची काडी खाचेत हलली का, एवढंच बघायचं. ती हलली नाही तर तो शॉट दहाचा होता.

दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलांना ड्राय फायरची, म्हणजे छर्र्याशिवाय चाप सोडायची, सोय असते. स्प्रिंगच्या स्वस्त पिस्तुलांना ती नसते. छर्रा न घालता स्प्रिंग सोडली तर पिस्टन आपटून पिस्तूल खराब होतं. दुकानात हे कुणी सांगत नाही.

पिस्तूलच नसेल तर लिटरभर पाण्याची बाटली मुठीत धरून हात सरळ ठेवा. स्पर्धेच्या पिस्तुलाचं वजन साधारण तेवढंच असतं. वीस-तीस सेकंद धरा, तेवढीच विश्रांती, पुन्हा. खांदा थरथरायला लागला की थांबा. थरथरत्या हातानं केलेला सराव थरथरणंच शिकवतो. वीस मिनिटांचा रोजचा सराव रविवारच्या तीन तासांपेक्षा भारी पडतो. वही ठेवा. गुण लिहू नका, काय जाणवलं ते लिहा.

९. खरेदी, आणि खारी हवा

आधी सपाट तळाचे बूट घ्या, घोटा झाकणारे नकोत, स्पर्धेत चालत नाहीत. मग चष्मा आणि डोळ्याची पट्टी. मग छर्रे. ते सपाट डोक्याचेच, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारे. टोकदार छर्रे कागद फाडतात आणि गुण मोजताना भांडणं होतात. ५०० चा डबा येतो, ४.४९ आणि ४.५० अशी मापं असतात. दोन-तीन प्रकार मारून तुमच्या नळीला कुठला मानवतो ते बघून मगच जास्त घ्या.

पिस्तूल शेवटी. क्लबच्या पिस्तुलावर निदान सहा महिने काढल्याशिवाय घेऊ नका. आयात केलेली स्पर्धेची पिस्तुलं लाखाच्या वर जातात. जुनं घ्यायचं तर बिल, आयातीची कागदपत्रं आणि सिलिंडरवरची तारीख बघा. सिलिंडरचं आयुष्य ठरलेलं असतं, बहुधा १० वर्षं, आणि तारीख त्यावर कोरलेली असते. बिल नसलेलं पिस्तूल फुकट मिळालं तरी नको.

किनाऱ्यावर लोखंड कसं गंजतं ते तुम्हाला सांगायला नको. पण एक गोष्ट लक्षात येत नाही: पिस्तुलाच्या पेटीतला फोम दमट हवा धरून ठेवतो. पावसाळ्यात पेटीत बंद करून ठेवलेलं पिस्तूल उघड्या कपाटातल्यापेक्षा लवकर गंजतं. कोरड्या कपड्यात गुंडाळून कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेल, आणि ते जेल महिन्याला तापवून सुकवा. घामाचा हात लागलेलं पोलाद पुसून तेलाचा हात फिरवा, मात्र हवेच्या झडपेजवळ तेल नको. छर्र्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिसं दमटपणानं खराब झालंय, फेकून द्या. जूनमध्ये लाकडी मूठ फुगते, घट्ट वाटली म्हणून लगेच घासू नका, ऑक्टोबरमध्ये ती परत बसते.

सिलिंडर भरायचा प्रश्न मोठा. २०० बारचा हातपंप मिळतो, पण पावसाळ्यात तो हवेतली वाफही आत कोंबतो आणि सिलिंडर आतून गंजतो. मालवण-तारकर्लीकडच्यांची इथं चैन आहे. स्कूबाच्या टाकीतली हवा कोरडी, गाळलेली आणि त्याच दाबाची असते. बरोबर आट्यांचा अॅडॉप्टर मिळवा, डायव्हिंगवाल्यांशी ओळख काढा, आणि हळूहळू भरा म्हणजे सिलिंडर तापणार नाही. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन चुकूनही नको. तेलाचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. भरलेला सिलिंडर मे महिन्याच्या उन्हात गाडीतही ठेवू नका.

१०. घरात रेंज करायची असेल तर

जुन्या घरांचं एक बरं असतं, पडवीपासून मागील दारापर्यंत दहा मीटर सहज निघतात. मात्र त्या रेषेत एकही दार असं नको की ज्यातून कुणी अचानक आत येईल. मांजर, पोर आणि पाहुणे न विचारता येतात. लक्ष्यामागे तिरक्या पत्र्याची पोलादी पेटी लावा, म्हणजे छर्रा खाली पडतो. चिऱ्याच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, ती खडबडीत असते, छर्रा कुठंही उसळतो. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. कार्डावर उजेड भरपूर हवा, स्पर्धेत किमान १५०० लक्स धरतात. एक चांगला एलईडी दिवा जवळून सोडला की काम होतं, फक्त तो तुमच्या डोळ्यात नको. लाईट गेली की सराव बंद. बॅटरीच्या उजेडात मारायचं नाही.

शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवा. वाडीत "त्येच्याकडे पिस्तूल हा" ही बातमी तुमच्याआधी पोलीस ठाण्यात पोचते.

११. स्पर्धा आणि प्रवास

क्लबमार्फत नाव नोंदवा. राज्य पातळीवर कॅप्टन इझीकल स्मृती स्पर्धा आहे, त्यापुढे अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा. ज्यांच्या नावानं ती होते ते गणेश वासुदेव मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं, आणि त्यांचं घराणं मूळचं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. संगमेश्वरातच हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तपासणीत पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, वजन दीड किलोच्या आत, चाप ५०० ग्रॅम उचलणारा. हे घरी तपासून जा. पहिल्या स्पर्धेत ६० शॉटना ४८० झाले, म्हणजे शॉटला सरासरी आठ, तर समाधानानं जेवा. पुढच्या फेरीला किती गुण लागतात ते बदलत असतं, चालू वर्षाचं परिपत्रकच बघा, मित्राचा शब्द नको. छर्रा वलयाच्या रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. कागदी कार्डावर शंका असेल तर पंचाला विचारायचा तुम्हाला हक्क आहे, बोटानं भोक चाचपून मात्र बघू नका.

प्रवासाचं शेवटी सांगतो कारण लोक इथंच बेफिकीर असतात. शिमगा, गणपती, निवडणुका अशा काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आणि त्यात शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी असते. पिस्तुलाला परवाना लागत नाही म्हणून हा आदेश तुम्हाला लागू नाही असं समजू नका. वृत्तपत्रात आदेश दिसला की ठाण्यात जाऊन विचारा. एरवीही पिस्तूल रिकामं, फ्लॅग लावून, कुलूपबंद पेटीत, आणि पेटीतच बिलाची प्रत, क्लबचं ओळखपत्र, स्पर्धेचं पत्र. कोकण रेल्वेच्या डब्यात पेटी उघडून कुणाला दाखवायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. विमानानं जाणार असाल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, पिस्तुलापासून वेगळा काढून, आणि विमान कंपनीला आधी कळवून. पोचल्यावर तो कुठं भरून मिळेल हे आयोजकांना निघण्यापूर्वीच फोन करून विचारा.